तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी स्नोमोबाइल कोणती घेऊ?

ऑक्टोबर लागला की मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओन्टारिओतल्या मराठी मंडळींकडून स्नोमोबाइलबद्दल (पुढे स्की, मागे रबरी पट्टा म्हणजे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) एकच प्रश्न येतो, सोबत एक फोटो. "सत्तरच्या दशकातली आहे, चालू आहे म्हणतोय, घेऊ का?" फोटोत चकचकीत हूड (इंजिनावरचं झाकण) असतं, सीट असते, मागे कुणाच्या तरी गोठ्याची भिंत असते. ट्रॅकचा फोटो नसतो, क्लचचा नसतो. उत्तर मात्र हो की नाही एवढंच हवं असतं. ते तसं देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. नवं सोडून हे जुनं कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे नाही.

आधी हे ठरवा: मशीन मेळाव्यात उभं करायचं आहे की जानेवारीत दिवसभर हिंडायचं आहे? विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरच्या जुन्या मशीनांच्या शर्यतीला नेऊन लोकांना दाखवायचं असेल तर हूड, सीटचं कव्हर आणि स्टिकर्स हाच खरा खर्च, कारण इंजिनाचे भाग शोधून मिळतात, पण न तडकलेलं मूळ हूड मिळता मिळत नाही. हिंडायचं असेल तर हिशेब उलटा होतो. बहुतेकांना दोन्ही हवं असतं. बजेट मात्र एकाचंच असतं. पुढचं सगळं हिंडणाऱ्यांसाठी.

1970-71 च्या हंगामात उत्तर अमेरिकेत पाच लाखांच्या आसपास स्नोमोबाइल विकल्या गेल्या, आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या शंभरावर होत्या. त्यातल्या बहुतेक त्याच दशकात बुडाल्या. रप, स्कॉर्पिअन, स्नो-जेट ही मशीनं दिसायला देखणी आहेत, त्यांच्यावर जीव टाकणारे लोक मी ओळखतो. पण तुमचं पहिलं मशीन ते नसावं. त्या काळच्या बऱ्याच कंपन्या इंजिन बाहेरून आणत, आणि जेएलओ किंवा सीसीडब्ल्यूच्या इंजिनाचा पिस्टन शोधायला बसलात की अख्खा हिवाळा निघून जातो. तसलंच घ्यायचं असेल तर सुट्या भागांसाठी त्याच मॉडेलचं दुसरं, मोडकं मशीन आधी दारात आणा.

स्की-डू एलान घ्या. 1971 पासून 1996 पर्यंत 25 वर्षं ती जवळपास त्याच साच्यात बनत होती. रोटॅक्सचं साधं इंजिन, हलकं वजन, दोघांनी उचलून पिकअपमध्ये टाकता येते. भाग आजही मिळतात. ताकद कमी हे खरं, पण बिघडली तर जंगलातून ओढून आणता येते. त्याहून थोडं मोठं हवं असेल तर यामाहा एन्टायसर 340 किंवा आर्क्टिक कॅटची सुझुकी इंजिनाची जॅग. पाठ दुखते म्हणत असाल तर पोलारिसची ऐंशीच्या दशकातली इंडी: पुढच्या दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन आल्यावर खडबडीत ट्रेलवर किती फरक पडतो हे तिच्यावर बसल्याशिवाय कळत नाही. "पण ती फार जुनी वाटत नाही" अशी तक्रार येते. मग पाठदुखीची करू नका.

मी कंटाळवाणी मशीनं सुचवतो, असं काही जण म्हणतात. हो, सुचवतो. फ्री-एअर इंजिनाची रेसिंग मॉडेलं फोटोत भारी दिसतात, पण त्यांना थंड करणारा पंखा नसतो. वारा लागेल तेवढंच थंड होणार. तळ्यावर मोकळं पळवलं तर ठीक. झाडीतल्या अरुंद ट्रेलवर, पुढच्या मशीनच्या मागे ताशी 15 मैलांनी रांगत गेलात की तीच इंजिनं तापतात. हिंडायला पंखेवालंच घ्या, आणि पंखा पट्ट्यावर चालणारा असेल तर तो पट्टा पहिल्याच दिवशी बदला.

आता बघायचं काय? ट्रॅक, सर्वांत आधी. नवा ट्रॅक पुष्कळदा मशीनच्या किमतीपेक्षा महाग पडतो, आणि काही जुन्या मापांचा मिळतच नाही. मागची बाजू स्टँडवर उचला, ट्रॅक हाताने फिरवा आणि ज्या भोकांत स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे) दात बसतात त्यांच्या कडा एकेक करून बघा. कड फाटलेली असेल तर ती वाढतच जाते. रबरात आडव्या फायबरग्लासच्या काड्या असतात, अंगठ्याने दाबून कुठे मऊ लागतं का पाहा. जुन्या आर्क्टिक कॅटचा ट्रॅक वेगळा: रबराचे पट्टे आणि त्यांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्या एकेक बदलता येतात, पण रिव्हेट ढिले आहेत का हे प्रत्येकीला हात लावूनच कळतं.

मग चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीची पेटी) उघडून ऑइल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंगं गेली असं धरून चाला. ड्राइव्ह बेल्ट (पुढच्या आणि मागच्या क्लचला जोडणारा पट्टा) काढून रुंदी मोजा, नव्याच्या मापापेक्षा एक अष्टमांश इंच कमी भरली तर तो गेला. पुढच्या क्लचचा हलता पत्रा हाताने दाबून सोडा. अडकत परत येत असेल तर आतले बुश आणि रोलर झिजलेत. ब्रेक, थ्रॉटलची केबल आणि क्लचवरचं संरक्षक कव्हर यात तडजोड नाही. कव्हर काढून टाकलेलं मशीन हूड उघडं ठेवून चालू करून दाखवत असतील तर बाजूला सरा, आणि चालू ट्रॅकच्या मागे तर कधीच उभे राहू नका.

हे सगळं एका तासात होतं. पण ज्यापायी लोक हा छंदच सोडून देतात, ती गोष्ट या तासात दिसत नाही. तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण दरवर्षी तीच ऐकतो.

मशीन 20-30 वर्षं गोठ्यात पडून होतं. मालक येतो, कार्ब (कार्बोरेटर) साफ करतो, नवा प्लग घालतो, ताजं पेट्रोल भरतो, दोरी ओढतो, दुसऱ्या झटक्यात सुरू. आवाज सुंदर. तुम्ही पैसे देता, घरी आणता, पहिल्या बर्फात बाहेर काढता. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मग मोकळ्या तळ्यावर तुम्ही अंगठ्याखालचं थ्रॉटल पूर्ण दाबता, आणि थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बारीक, धारदार होतो. अंगठा हललेला नसतो, तरी आरपीएम चढतात. नव्या माणसाला वाटतं, वा, आता खरी मोकळी झाली. ती खरं तर मरत असते. पुढच्या काही सेकंदांत ताकद ओसरते आणि इंजिन बंद पडतं. क्लच सुटतो, मशीन घरंगळत थांबतं. दोरी ओढून बघता, हलत नाही. पंधरा मिनिटांनी गार झाल्यावर हलते, पण हाताला हलकी लागते.

झालेलं काय असतं? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, येतं. पिस्टन वर जाताना तिथे ओढ निर्माण होते, त्या ओढीनेच कार्बमधून मिश्रण आत येतं. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात, एक मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) मागे, एक क्लचच्या मागे. इतकी वर्षं न फिरलेल्या सीलचं रबर कडक होतं, ओठ क्रँकवर टेकत नाही. मग पिस्टन वर जाताना तिथूनही हवा ओढली जाते. त्या हवेत पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न दाबता, हे जेमतेम जाणवतं, फार तर थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला जरा वेळ लागतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र त्या बाजूच्या सिलिंडरचं मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो, अॅल्युमिनियम बिडाच्या बोअरपेक्षा जास्त फुगतं, आणि पिस्टन भिंतीला घासायला लागतो. राजदूत किंवा आरएक्स 100 अशी सीझ झालेली (पिस्टन अडकून बसलेली) ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून पोर्टमधून टॉर्च मारा. चांगल्या पिस्टनची कड तपकिरी, गुळगुळीत असते. सीझ झालेल्यावर उभे राखाडी ओरखडे दिसतात, रिंग जागोजागी अॅल्युमिनियममध्ये लिंपून बसलेली असते. प्लग काढून पाहिलात तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकदार कण दिसतील. ते पिस्टनचे. नशीब असेल तर होनिंग (सिलिंडरची भिंत हलकी घासणं) आणि नव्या पिस्टनवर भागतं, नाहीतर रिबोअर (सिलिंडर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन. आणि लोक नेमके इथे चुकतात: नवा पिस्टन घालतात, सील तेच ठेवतात, आणि दुसराही जातो.

सील तपासायला गॅरेजची गरज नाही. कार्ब आणि एक्झॉस्ट काढा, दोन्ही तोंडांवर रबर लावून पट्ट्या आवळा, प्लगच्या भोकात जोडणी बसवून हातपंपाने 6 पीएसआय हवा भरा. 10 च्या वर नेऊ नका, चांगला सीलही निघून येतो. पाच-सहा मिनिटं काटा जवळपास जागेवर राहिला पाहिजे. पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात बघा. दोन सिलिंडर असतील तर प्रत्येकाचं क्रँककेस वेगळं, तेव्हा चाचणीही दोनदा. एकात भरलेली हवा दुसऱ्यातून येत असेल तर मधला सील गेला, म्हणजे अख्खं इंजिन उघडणं आलं. टोकाचे सील काही इंजिनांत बाहेरून बदलता येतात, काहींत ते केसच्या खाचेत बसलेले असतात आणि क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावेच लागतात. हे पैसे देण्याआधी विचारा.

मालकाने दिलेला कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा) आकडा या जागी उपयोगी नाही. प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून 120 पीएसआयच्या आसपास आणि दोन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांच्या आत फरक, एवढं मिळालं तर रिंगा बऱ्या आहेत एवढंच सिद्ध होतं. सीलबद्दल काही कळत नाही.

लीन व्हायला सीलच लागतात असंही नाही. सप्टेंबरात 15 अंशांना नीट जेटिंग केलेलं (कार्बमधल्या पेट्रोलच्या भोकाचा, म्हणजे जेटचा, आकार जुळवलेलं) मशीन उणे 25 ला लीन होतं, कारण थंड हवा दाट असते. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घाला आणि पूर्ण थ्रॉटलवरून थेट इंजिन बंद करून प्लगचा रंग बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 20:1 लिहिलेलं असतं, ते त्या काळच्या ऑइलसाठी. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला 40:1 पुरतं, म्हणजे लिटरला 25 मिली. भीतीपोटी ऑइल वाढवू नका, त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल वापरा. मिनेसोटात ते स्नोमोबाइल, बोटी आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळं मिळतं. इथेनॉलने जुन्या नळ्या आणि कार्बचे रबरी पडदे विरघळून कचरा होतो, आणि तो जेटमध्ये अडकला की पुन्हा लीन. निघण्याआधी चार-पाच मिनिटं इंजिन गरम होऊ द्या.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो की चालू असलेलंच घ्या, बंद मशीनच्या वाटेला जाऊ नका. आता म्हणतो की बंद मशीन स्वस्तात मिळत असेल, इंजिन हाताने फिरत असेल आणि ट्रॅक शाबूत असेल तर ते बरं, कारण ते उघडावंच लागतं आणि उघडलं की सील बदलले जातात. चालू मशीन उघडायला कुणाचा हात धजत नाही. तरी जुन्या सल्ल्यातही तथ्य आहे. उघडलेली बरीच मशीनं खोक्यांतच राहतात, आणि सुट्टीत हिंडायला मिळणं हाही या छंदाचा भाग आहे. पहिल्या हंगामापुरते हवे तर चालू घ्या, पण सील तपासूनच.

कार्बचा वाद तर मिटतच नाही. जुन्या मशीनांवर असलेल्या मूळ टिलॉटसन कंपनीच्या कार्बमध्ये पेट्रोल पंप आतच असतो, पडदे नवे घालून दोन्ही स्क्रू एकेक आटा मोकळे केले की सुरुवातीला बऱ्यापैकी चालतो, पण तापमान बदललं की पुन्हा हात लावावा लागतो. त्याजागी मिकुनी कंपनीचा कार्ब बसवला की जेट घालून विसरता येतं. त्यासाठी क्रँककेसच्या दाबावर चालणारा वेगळा पंप, रबरी फ्लँज आणि जास्त ओढ असलेली थ्रॉटल केबलही लागते, आणि एकदा केलं की मशीन मूळ राहत नाही. ज्यांच्या मताला मी मान देतो अशी माणसं याला तोडफोड म्हणतात. ट्रेलवर भर थंडीत टिलॉटसनच्या स्क्रूशी झगडणारेही मी पाहिलेत. मी मूळ कार्ब पिशवीत घालून, नाव लिहून जपून ठेवा आणि मिकुनी लावा, असं सांगतो. पुढच्या मालकाला तो मूळ भाग लागेल की नाही, हे मला आज सांगता येत नाही.