पक्षकार आला की कॉम्प्युटर बसतो

"दादा, तुम्हाला म्हणून सांगते, हसू नका. पक्षकार दारात आला की हा कॉम्प्युटर बसतो."

ताईंचं हे वाक्य मी, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पहिल्या भेटीत ऐकलं आणि हसलो. ते वाक्य म्हणजेच निदान होतं हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या.

जागा आमच्या सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर जुन्या वाड्याच्या ओसरीत एका दस्तलेखकांचं ऑफिस आहे. काका सत्तरीला टेकलेले. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, सगळं तोंडपाठ. ते बोलतात, ताई टाइप करतात, आणि काकांचा पुतण्या कोपऱ्यातल्या लेझर मशीनवर पक्षकार-साक्षीदारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढतो. महिना मार्च, साल २०२३. १ एप्रिलला रेडीरेकनरचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी भावाचे, दर बदलतील या धास्तीने मार्चअखेर सगळा तालुका नोंदणीला लोटतो. नेमका त्यात काकांचा डेस्कटॉप दिवसातून दोन-तीनदा आपोआप रिस्टार्ट व्हायचा. गट नंबर, आकार, चतुःसीमा असं सगळं टाइप करून ताई "पश्चिमेस" या शब्दावर आलेल्या, की स्क्रीन काळा आणि थोड्या वेळाने बोर्डाच्या कंपनीचा लोगो.

मशीन असेंबल केलेलं. थर्ड जनरेशन आय-फाइव्ह, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, चार जीबीची एक रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. आमच्या भागात अशी मशीनं अजून ढिगाने चालतात आणि त्यांचं काम नीट करतात.

पहिल्या फेरीत मी तेच केलं जे आमच्या धंद्यात कुणीही करेल. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, रॅम काढून खोडरबरने तिचे सोनेरी दात घासले, प्रोसेसरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवीन लावली. बोर्डावरचे कपॅसिटर बघितले, एकही फुगलेला नव्हता. चालू करून दिलं, पैसे घेतले, निघालो. मिरजेला पोचायच्या आत काकांचा फोन. "बसला रं परत."

दुसऱ्या फेरीत मशीन उचलून दुकानात आणलं. रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावली, सकाळी शून्य एरर. प्रोसेसरला घाम फोडणाऱ्या प्राइम-९५ वर चार तास तापवलं, तापमान ६८ अंशांच्या वर गेलं नाही. एसएसडीची तब्येत सांगणारी स्मार्ट माहिती ठणठणीत. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पिवळ्या वायरवर मीटर धरला तर लोड असताना ११.९ व्होल्ट. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पास. दोन दिवस मशीन माझ्या टेबलावर एकदाही बसलं नाही. दुखणं डॉक्टरच्या दारात थांबतं म्हणतात, तसलाच प्रकार.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. कारण सापडलं नव्हतं, पण मोकळ्या हाताने मशीन परत कसं द्यायचं? म्हणून विंडोज नव्याने टाकली आणि "रॅमच असणार" म्हणून चार जीबीची जुनी काढून आठची विकली. काकांनी काही न विचारता पैसे दिले.

त्यातही इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, मी आधी उघडून बघितला होता. लाल खुणांची रांग, सगळीकडे कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. ही नोंद म्हणजे "मागच्या वेळी नीट बंद न होता मशीन गेलं" एवढंच विंडोज सांगते, म्हणून आम्ही ती बघून सोडून देतो. पण तिच्या पोटात बगचेक कोड नावाचं एक घर असतं. निळा स्क्रीन येऊन गेला असेल तर तिथे बहुतेक वेळा आकडा सापडतो. इथे प्रत्येक नोंदीत तिथे शून्य होतं. रॅम खराब असती तर रोज वेगवेगळे निळे स्क्रीन दिसले असते. शून्याचा साधा अर्थ असा, की विंडोजला मरताना बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही, खालून वीजच ओढली गेली. हे मला ठाऊक होतं. तरी मी रॅम विकली.

तिसऱ्या वेळी काका फोनवर ओरडले नाहीत. "येऊन बस हितं दिवसभर. आणि बघ." एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

गेलो. मशीन उघडलंच नाही. ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. दहा ते साडेअकरा काही झालं नाही. ऑफिसात गर्दी, झेरॉक्स सलग चालू, ताईंचा दस्त निम्मा झाला. मग चहा आला. मशीनं, माणसं सगळी थंड. चहा संपता संपता एक शेतकरी सातबारा हातात धरून ओसरीवर चढला. काकांनी त्याचं आधार कार्ड घेऊन पुतण्याकडे दिलं. पुतण्याने झाकण उघडून कार्ड ठेवलं, हिरवं बटण दाबलं. भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोवरचा पिवळा बल्ब पापणी लवावी तसा मिणमिणला, टेबलाखालच्या यूपीएसमधून बारीक "टिक" असा आवाज आला, आणि ताईंचा स्क्रीन काळा.

"बघा! आला का नाही पक्षकार?" ताई म्हणाल्या.

मी पुतण्याला म्हटलं, आणखी एक काढ. काही झालं नाही. पाच काढल्या, दहा काढल्या, काही नाही. मग सगळ्यांना वीस मिनिटं मशीनला हात लावू दिला नाही. काका घड्याळ बघत, पक्षकार माझ्याकडे बघत. वीस मिनिटांनी एक झेरॉक्स. बल्ब लवला, टिक, काळा.

लेझर मशीनमध्ये शाई कागदावर भाजून चिकटवायला तापता रोलर असतो. काकांच्या त्या जुन्या मशीनमध्ये रोलरच्या आत हॅलोजनची नळी होती. मशीन झोपेत गेलं की ती गार होते, आणि गार फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मशीन यूपीएसवर नव्हतं, तेवढी अक्कल कुणीतरी वापरली होती, पण त्याचा सॉकेट आणि यूपीएसचा सॉकेट एकाच लाकडी बोर्डावर. मेन बंद करून बोर्डाचं झाकण काढलं तर न्यूट्रलचा स्क्रू इतका ढिला, की वायर बोटाने हलत होती. इन्सुलेशन वितळून काळं, आत मुंग्यांचं घर. म्हणजे दर वेळी रोलर तापायला लागला की त्या ढिल्या जोडावर क्षणभर व्होल्टेज पडायचं. माझ्या मीटरला तो क्षण पकडता येत नव्हता. गणपतीच्या बल्बला येत होता.

पण एवढ्याने कॉम्प्युटर का बसावा? व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, ती टिक म्हणजे त्याच्या रिलेचा, आतल्या आपोआप पलटणाऱ्या स्विचचा, आवाज. त्या उडीत काही मिलिसेकंद वीज तुटते. चांगल्या एसएमपीएसने वीज तुटल्यावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरायचा असतो. तेवढ्यासाठीच त्याच्या आत दोन जाडे कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखे भरून ठेवलेले असतात. तग संपला की करड्या वायरवरचा "पॉवर गुड" सिग्नल पडतो आणि बोर्ड सरळ रीसेट होतो. बगचेक कोड शून्य यायचं कारण हेच.

एसएमपीएस खोलला. (हे घरी करू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांमध्ये तीनशे व्होल्ट बसून असू शकतात. मी ते रेझिस्टर लावून उतरवले.) स्टिकरवर ४५० वॅट. आत दोन कपॅसिटर, अंगावर ४७० मायक्रोफॅरड, २०० व्होल्ट असं छापलेलं, डोकी किंचित फुगीर, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. मीटरवर एक १२० भरला, दुसरा ९०. टाकीचा तळ उरला होता. दुकानात दोन दिवस वीज एकदाही गेली नाही, टाकीची गरज पडली नाही, म्हणून तिथे सगळं पास. पिवळ्या वायरवरच्या ११.९ व्होल्टनी मला फसवलं नव्हतं, मीच त्यांना चुकीचा प्रश्न विचारला होता.

"लाइट गेली तरी बसतोय का हो?" मी काकांना विचारलं.

"कधी तगतोय, कधी न्हाई. दिवाळीला यूपीएसची बॅटरी बदलली की!"

हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर. त्या बॅटरीत काही बिघाड नव्हता.

संध्याकाळपर्यंत नवीन एसएमपीएस बसवला. गावातला वायरमन बोलावून तो न्यूट्रल कापून नवीन टोक काढलं, झेरॉक्ससाठी मेनपासून वेगळी वायर ओढून पंधरा अँपिअरचा सॉकेट दिला. खात्रीसाठी त्याला विनंती करून एकदा जुन्याच बोर्डावर झेरॉक्स लावली. न्यूट्रल घट्ट केल्यावर बल्ब लवला, पण अगदी जरासा. टिक नाही. मग यूपीएसचा प्लगच भिंतीतून उपटला. टिक झालं, स्क्रीन जागचा हलला नाही. ताईंनी तेवढ्यात "पश्चिमेस : सार्वजनिक रस्ता" टाइप करून टाकलं.

बिलाच्या वेळी काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि ती रॅम?"

रॅमचे पैसे परत दिले. विंडोजचेही परत दिले. जुनी चार जीबीची जागेवर बसवून आठची घेऊन आलो. ती आता माझ्या दुकानातल्या बिलिंगच्या मशीनमध्ये आहे.