सी-व्ह्यू रूम, देवबाग

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात जाऊ नकोस, असं आईने बजावलं होतं. खोल्या स्वस्त मिळतात म्हणून गेलेच. पहाटे नवरा आणि मी कुडाळला उतरलो, एसटीने मालवण, तिथून देवबाग. पोचल्यावर कळलं की स्कूबापासून बनाना राइडपर्यंत सगळं पावसाळ्यासाठी बंद. मग दोन दिवस बाजार, खाजं आणि घाम. ते असो.

राग आला तो खोलीवर. फोटोत खिडकीखाली वाळू, वाळूपुढे समुद्र. प्रत्यक्षात खिडकीसमोर काळ्या दगडांचा बंधारा. समुद्र ऐकू येत होता, दिसत मात्र नव्हता. काकी (घर त्यांचंच, खाली त्या राहतात, वर पाहुण्यांच्या दोन खोल्या) विळीवर पेडवे साफ करत होत्या. मी जरा तिखटच विचारलं, "हा फोटो कधीचा?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "तीन माडांआधीचो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की या घरात साल लक्षात ठेवायची पद्धत हीच आहे. पुढच्या रांगेतला पहिला माड एका उधाणात गेला, दुसऱ्याची मुळं दोन पावसाळे उघडी राहिली, आणि तिसरा १६ मे २०२१ ला, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं त्या दिवशी, पडवीच्या कौलांवर आडवा झाला. वादळ पुढे गुजरातला धडकलं. इथे त्यानंतर किती दिवस वीज नव्हती, ते काकी बोटांवर मोजायला लागल्या आणि मधेच सोडून मासळीकडे वळल्या.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मधे रस्ता, माड आणि घरं. दक्षिणेच्या टोकाला दोन्ही पाणी एकत्र होतं, पलीकडे भोगवे. उधाणाला पुढच्या दारी लाट येते आणि मागच्या दारी खाडी फुगते. नकाशात हे सुंदर दिसतं. मी तो नकाशा पाहूनच खोली घेतली होती.

संध्याकाळी पडवीत सात-आठ जण जमले. धूपप्रतिबंधक बंधारा पुढे वाढवावा म्हणून निवेदन द्यायचं होतं. "तुमी पुण्याच्या, तुमचा अक्षर बरा असतला," म्हणत काकींनी वही माझ्यापुढे सरकवली.

लिहायचं सोडून मी भाषण दिलं. कबूल करते, दिलं. दगडावर आपटलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते, बंधारा संपतो तिथे शेजारची जमीन जास्त कातरली जाते. त्यापेक्षा वाळूचे उंचवटे राखा, त्यांवर मर्यादवेल पसरू द्या, खाडीकडे चिपीसारखी खारफुटीची झाडं वाढू द्या, नदीतला वाळूउपसा थांबवा.

कोणी वाद घातला नाही, हेच जास्त लागलं. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "ता खराच. बंधाऱ्याच्या टोकाक माझाच घर." त्यांचं कुंपण गेल्या पावसाळ्यात आत सरकलं होतं. तरीही बंधारा हवाच, निदान त्यांच्या घरापुढपर्यंत. मग त्यांच्या शेजाऱ्याचं काय, यावर सगळे गप्प. मर्यादवेलीचं उत्तर काकींनी दिलं, "लावूया की. पण ती वाढासर आमी रवाचा खय?"

सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी निर्बंधांचा, विषय निघालाच. २०११ च्या नियमात गावांमध्ये भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ती हद्द ५० मीटरवर आणली. गुरुजी हसले. म्हणाले, रेषा कागदावर थांबते, खरी दरवर्षी चालत घराकडे येते.

मग मी मुकाट्याने लिहायला घेतलं. "महोदय, वरील विषयास अनुसरून..." पुढे 'समुद्राचे आक्रमण' लिहिलं, ते गुरुजींनी खोडायला लावलं. समुद्र शत्रू नव्हे, 'धूप' लिहा. माड लिहिले, घरं लिहिली, होड्या ओढायला उरली नाही ती वाळू लिहिली. एक तरुण पोरगा, गळ्यात गॉगल अडकवलेला, खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "पर्यटनाचा लिवा वरती. मगे बघतत."

घरांच्या वर पर्यटन लिहिताना हात अडखळला. पण मुद्दा त्याचाच बरोबर होता, मी तरी कशासाठी आले होते? लिहिलं. सह्या झाल्या, दोन अंगठे उठले. काकींनी पेन परत माझ्याकडे दिलं, "तुमीय करा. पर्यटक म्हणान."

केली. नवरा तोवर वर झोपला होता.

पौर्णिमा होती, साडेअकराच्या सुमाराला भरती. दाराची कडी वाजली. काकी बॅटरी घेऊन बंधाऱ्यापर्यंत गेल्या, थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. माझ्या सी-व्ह्यू खिडकीतून दगडांवर हलणारा तेवढाच उजेड दिसत होता.