आमची वाटचाल : कापितानेसच्या शेजारी

आमच्या दुकानानं 'कापितानेस'साठी एक साधा टी-शर्टसुद्धा कधी छापलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी जुन्या वह्या काढून बसलं की आमच्या धंद्याचे चढउतार त्या बास्केटबॉल संघाच्या तारखा धरून चाललेले दिसतात. त्यामुळे आमचं सांगायचं तर त्यांचंही सांगणं आलंच.

मी मूळची सोलापूरची. वडिलांचं शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम होतं, त्यामुळे काजं, बटणं आणि 'जूनच्या आत द्या' हे ऐकतच वाढले. नवऱ्याच्या बदलीमुळे २०१२ साली आम्ही मेक्सिको सिटीत आलो. २०१५ मध्ये पोर्तालेस भागात दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. एक जुनं हीट प्रेस, एक प्रिंटर, एवढंच भांडवल. समोरच्या किराणा दुकानात पाटी होती, 'आज उधार नाही, उद्या आहे'. ती वाचली आणि म्हटलं, इथं जमेल आपल्याला.

गल्लीत आमच्या दुकानाला 'इंदूकडं' म्हणतात. इथं भारतीय माणसाला सर्रास 'हिंदू' म्हणायची पद्धत आहे, धर्म कुठलाही असो, आणि स्पॅनिशमध्ये 'ह' तोंडातच राहतो. माझ्या आत्याचं नाव इंदू. तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग मला भागीदारी दे."

पहिली दोन वर्षं खानावळींचे एप्रन आणि शाळांचे टी-शर्ट यांवर कशीबशी निघाली. कापितानेस म्हणजे कप्तान मंडळी. हा संघ २०१६ साली उभा राहिला आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये उतरला. ही लीग २००० सालापासूनची. संघाचं घरचं मैदान होतं हुआन दे ला बारेरा जिम्नॅशियम, १९६८च्या ऑलिंपिकमधल्या व्हॉलीबॉलसाठी बांधलेलं, साधारण पाच हजार खुर्च्यांचं. आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, १९ सप्टेंबरला भूकंप झाला. पोर्तालेसमध्ये इमारती पडल्या. ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू यावा म्हणून कोणीतरी मूठ वर करायचं आणि अख्खा रस्ता क्षणात गप्प व्हायचा. किल्लारीच्या वेळी मी शाळेत होते. घरात चप्पल दारापाशी ठेवून झोपायची सवय तेव्हापासूनची, ती इथं पुन्हा लागली. आमच्या गाळ्याला एक तडा गेला, बाकी काही नाही. महिनाभर मदतकार्यातल्या पोरांचे टी-शर्ट छापले. त्याचे पैसे घेतले नाहीत, ते वहीतही नाहीत.

मग सामने सुरू झाले आणि शनिवारी पोरं यायला लागली. मेक्सिको म्हणजे फुटबॉल असंच मीही धरून चालले होते. पण या देशानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचं कांस्यपदक मिळवलंय. ओआहाकाच्या डोंगराळ भागात तर गावोगावी पंचायतीपुढं बास्केटबॉलचं मैदान असतं. सण, लग्न, सभा सगळं त्यावरच. तिकडून शहरात आलेल्यांचे इथं रविवारचे सामने चालतात. घरापाशी मोठा संघ आल्यावर या सगळ्यांना पाठीवर नाव नि नंबर हवा झाला.

सब्लिमेशनचं काम दिसायला सोपं. पॉलिएस्टरचं पांढरं कापड, वर छापलेला कागद, दोनशे अंशांच्या आसपास उष्णता, मिनिटाच्या आत कागद उचलायचा. रंग कापडात मुरतो, सोलून निघत नाही. पण तापमान थोडं चुकलं की काळा रंग चहासारखा तपकिरी. माझी मोठी चूक मात्र रंगाची नव्हती. 'मुन्योस' आडनावात 'न'वर नागमोडी रेघ लागते. ती न देता मी चुलत-सख्ख्या भावांच्या संघाचे बाराच्या बारा शर्ट छापले. रेघेवाचून ते 'मुनोस' झाले. आजोबा चष्मा लावून एकेक शर्ट वाचत बसले, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हे कोण लोक आहेत?" बारा शर्ट पुन्हा, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून संगणकावर त्या अक्षराच्या बटणाला लाल नेलपॉलिश लावलेलं आहे.

इथं प्रत्येकाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. शर्टावर सहसा बापाचं जातं. एकदा एक बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. अर्जात दोन्ही आडनावं होती. मी विचारलं, कुठलं घालू? बाईंनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "आणि नंबर सात." मी पुढं काही विचारलं नाही.

कापितानेसनं पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली आणि २०१८ मध्ये सोलेस दे मेहिकालीकडून हरले. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार, या वेळी माँतेरेच्या फुएर्सा रेहियाकडून. हरलेल्या संघाचा भाव उतरेल असं मला वाटलं होतं. उलट सोमवारी रांग. याच काळात एकानं संघाचं बोधचिन्ह घालून चाळीस शर्ट मागितले. नोंदणीचं चिन्ह, आपण नाही छापत म्हटलं. त्यानं दुसरीकडून करून घेतले आणि गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. रात्रभर हिशेब करत बसले होते, हेही खरं.

१२ डिसेंबर २०१९ला एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी इथंच जाहीर केलं की कापितानेस जी-लीगमध्ये येणार. एनबीएची ही उमेदवारांची लीग. अमेरिका आणि कॅनडाबाहेरचा त्यात हा पहिलाच संघ. आम्ही कर्ज काढून दुसरं प्रेस घेतलं. जानेवारीत एनबीएचा नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट गेला आणि आठवडाभर फक्त त्याचे ८ आणि २४ हेच आकडे छापले. मार्चमध्ये शटर खाली.

करोनानं संघाचं पदार्पण वर्षभर लांबलं. २०२१च्या शेवटी ते खेळले, पण टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला बिऱ्हाड करून, आणि तेही पूर्ण हंगाम नाही, फक्त सुरुवातीची शोकेस कप स्पर्धा. आम्ही तोवर मास्क शिवत होतो. नवं प्रेस चादरीखाली झाकलेलं. त्याचं तोंड बघायला नको म्हणून मीच घातली होती, सोलापुरी चादर.

२०२२च्या नोव्हेंबरात संघ घरी परतला, पण आमच्या शेजारी नाही. आता मैदान शहराच्या उत्तरेला, आस्कापोत्साल्कोमधला अरेना सिउदाद दे मेक्सिको, बावीस हजारांच्या घरातला. लेकाला घेऊन गेले. गंमत म्हणजे या संघाला कुठल्याच एनबीए संघाचं पालकत्व नाही, खेळाडू त्यांचे तेच जमवतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर. पाहुण्या संघाची तिसऱ्या डावात छाती भरून येते, ते वरच्या रांगेतूनही दिसतं. पहिल्या वर्षी मलाही भाजी घेऊन जिना चढताना तसंच व्हायचं.

शनिवारची रांग मात्र परत आली नाही. जुन्या जिमपाशी सामन्याआधी दुकानात डोकावणारी माणसं आता मेट्रोनं थेट उत्तरेला जातात. मग आम्हीच ऑर्डर घेऊन तिकडं जायला लागलो. आता दोन प्रेस, आम्ही तिघी, आणि निम्मं काम उत्तरेकडच्या शाळांचं. पंधरा शर्टांची पिशवी घेऊन मी लाइन सहावर फेर्रेरिया स्टेशनला उतरते. अजून कोणीतरी विचारतंच, इंदू, कापितानेसचा शर्ट आहे का? मी अरेनाच्या दिशेनं हात करते.