निरंक

शनिवार, रात्री

आज एका शब्दाने माझी झोप घालवली आहे, आणि तो शब्द गेली सव्वीस वर्षे मी दिवसातून किमान दोनदा लिहीत आलो आहे, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करावी हे कळत नाही.

कपाटे रिकामी करण्याचे काम चालू आहे. नस्त्या, म्हणजे फायली, संगणकावर गेल्या, जुन्या नोंदवह्या अभिलेख कक्षात पाठवायच्या आहेत, म्हणून सुट्टी असूनही कार्यालयात एकटाच बसलो होतो. त्या ढिगात नाल्यावरच्या दगडी पुलाची तपासणी नोंदवही हाती लागली. कापडी पाठीची, एक कोपरा वाळवीने खाल्लेली. अक्षर आमच्या जुन्या साहेबांचे, बोरूने लिहिल्यासारखे. मे महिन्यातल्या एका नोंदीत त्यांनी लिहिले आहे: ‘तिन्ही गाळ्यांखाली उतरून पाहिले. मधल्या कमानीत, पुरुषभर उंचीवर, पिंपळाचे रोप, हातभर. उपटवले. मूळ आत राहिले असावे. पुढील वर्षी पाहावे.’

पुढील वर्षी ते बदलून गेले. त्यांच्यानंतर दोघे आले, आणि मग मी.

नोंदवही मिटून मी संगणकावर माझा गेल्या वर्षीचा पावसाळापूर्व तपासणीचा तक्ता उघडला. त्या पुलासमोर दगडी बांधकामातील तडे, पायाजवळची झीज, तुंबलेली निचऱ्याची भोके, कठड्याचे नुकसान आणि झाडझाडोरा असे रकाने होते, आणि सगळ्या रकान्यांत एकच शब्द होता: निरंक. त्याच्या आदल्या वर्षीचा तक्ता उघडला, तर तिथेही निरंक, आणि तेही अगदी त्याच क्रमाने, एका रकान्यात चुकून पडलेल्या पूर्णविरामासकट. म्हणजे मी ती ओळ तशीच्या तशी खाली ओढली होती.

बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. डबा रिकामा झाला म्हणून ‘साखर निरंक आहे’ असे ही मला कधी म्हणाली नाही. हा शब्द फक्त आमच्या कागदांवर जगतो, आणि तिथे त्याचा मान इतका मोठा आहे की ज्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नाही त्यालाही ते लेखी कळवावे लागते. ‘माहिती निरंक असल्यास तसा अहवाल सादर करावा’ हे वाक्य मी स्वतः माझ्या शाखा अभियंत्यांना किती वेळा पाठवले असेल, याची गणती नाही.

मी त्या दिवशी पुलावर गेलो होतो, हे निश्चित आहे. छायाचित्रावर अक्षांश, रेखांश आणि वेळ उमटलेली आहे. कठड्यावरून वाकून पाहिल्याचेही आठवते. खाली उतरलो होतो का, हे मात्र आठवत नाही. त्या वेळी दूरध्वनी आला होता. विधिमंडळातल्या कोणत्या तरी तारांकित प्रश्नाची माहिती दुपारी तीनपर्यंत हवी होती. उतरलो असेन. नसेनही. पिंपळ मला दिसला नाही एवढे खरे. पण तो तिथे नव्हता म्हणून दिसला नाही, की मी पाहिलेच नाही म्हणून दिसला नाही, याचे उत्तर त्या शब्दात नाही. ‘पाहिले आणि आढळले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आमच्या तक्त्यात एकाच रकान्यात, एकाच शब्दात, शेजारी नव्हे तर एकमेकींवर बसलेल्या आहेत.

साहेबांनी ‘असावे’ असे लिहिले होते. सरकारी नोंदवहीत ‘मूळ आत राहिले असावे’ असे लिहिण्याची हिंमत आज माझ्यात नाही. आजच्या तक्त्यात ‘असावे’ निवडण्याची सोयही नाही. होय किंवा नाही.

स्वतःची बाजू मांडायचीच तर ती अशी. हा एक पूल, लांबी ४२ मीटर. सहा मीटरपर्यंत मोरी आणि साठपर्यंत लहान पूल, या हिशेबाने तो लहान पूल. त्याची माहिती आमच्या मंडळाच्या प्रपत्रात एका क्रमांकाने आहे, आपत्ती आराखड्यात दुसऱ्या, रस्ते-पुलांच्या खर्चाच्या लेखाशीर्ष ३०५४ खालच्या दुरुस्तीच्या मागणीत तिसऱ्या, आणि दरवर्षी कोणी ना कोणी नव्याने मागवतो त्या ‘धोकादायक व जुन्या पुलांच्या’ यादीत चौथ्या क्रमांकाने. एका ठिकाणी त्याची लांबी ४२ आहे, दुसऱ्या ठिकाणी ४२.६०, आणि या साठ सेंटिमीटरच्या खुलाशासाठी मला एकदा स्मरणपत्र आले होते. २०१६ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांसाठी संगणकीय व्यवस्था सुरू झाली, प्रत्येक पुलाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळाला, तेव्हा मला वाटले होते की आता सगळे एका जागी येईल. माझा पूल राष्ट्रीय महामार्गावर नाही. त्यामुळे तो चारही जागी आपापल्या नावाने सुखरूप आहे.

त्याच वर्षी सावित्रीवरचा पूल गेला. २ ऑगस्टची रात्र. महाडजवळचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल, एस. टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने पुरात गेली. आपल्याकडे त्या रात्रीबद्दल सर्वांना सर्व काही माहीत आहे, म्हणून मी अधिक लिहीत नाही. पण आज एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते आहे. त्या पुलाची तपासणी मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचा अहवाल होता, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. तो अहवाल ज्याने लिहिला त्याला मी ओळखत नाही आणि त्याच्याविषयी मत देण्याचा अधिकार मला नाही. तो कदाचित तिन्हीत्रिकाळ खाली उतरून पाहणारा माणूस असेल. पण त्याने जो महिना निवडला तोच महिना माझ्याही तक्त्यावर आहे, आणि माझा पूलही दगडी कमानींचाच आहे. नवा पूल तिथे १६५ दिवसांत उभा राहिला. २०१७ च्या जूनमध्ये वाहतूक सुरूही झाली. आमच्याकडे त्याच काळात तपासणीच्या प्रपत्राला नवे रकाने जोडले गेले. २०२५ च्या जूनमध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडल्यावर पुन्हा याद्या, पुन्हा ‘तात्काळ’चे शिक्के. पूल पडला की रकाने वाढतात. रकाने वाढले की रकाने भरायला बसावे लागते, आणि जो बसला आहे तो पुलाखाली नसतो, इतके सरळ गणित कोणाच्या लक्षात येत नसेल असे मला वाटत नाही.

भाच्याने मागे सांगितलेली गोष्ट आज विनाकारण आठवली. तो अमेरिकेत पुलांच्याच कामात आहे. तिकडे कायदाच आहे म्हणे, की केंद्र सरकारने कोणतेही प्रपत्र काढले तर ते भरायला साधारण किती वेळ लागेल हे त्यावर छापावे लागते, आणि ते पुढे चालू ठेवण्याआधी लोकांना साठ दिवस देऊन विचारावे लागते की हा त्रास गरजेचा आहे का. महामार्ग आणि पुलांची प्रपत्रेही त्यातून सुटत नाहीत. तेव्हा मी हसलो होतो. आज वाटते की माझ्या सव्वीस वर्षांचे तास असे कोणी मोजले असते तर त्यात प्रपत्रांचे किती निघाले असते आणि पुलांचे किती? रस्त्यांच्या विकासासाठी १९२७ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते, आणि तिच्याच शिफारशींतून पुढे रस्ते-पुलांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. तिच्या पुस्तिकांत पुलाखाली उतरून काय काय पाहावे याची यादी फार सुरेख दिली आहे. ती पाठ असलेला मी एकेकाळी होतो. असो.

मात्र भाच्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट माझ्या अंगाशी येते. त्यांच्याकडे पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम झाले ते १९७१ मध्ये, ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९६७ च्या डिसेंबरात ऐन संध्याकाळच्या गर्दीत पडून ४६ माणसे गेल्यानंतर. कारण निघाले ते एका पोलादी साखळीच्या दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग; जोड सुटा केल्याशिवाय दिसलीच नसती अशी. म्हणजे तिथे कोणी प्रामाणिकपणे खाली उतरून, डोळे ताणून पाहिले असते, तरी त्यालाही ‘निरंक’च लिहावे लागले असते. त्या माणसाचा निरंक आणि माझा निरंक कागदावर सारखेच दिसले असते. हा विचार दिलासा देणारा आहे की अधिक वाईट, हे ठरवण्याआधी ही दिवा मालवायला सांगते आहे.

रविवार, रात्री

सकाळी मुकादमांना घेऊन पुलावर गेलो. हिला बाजारात जातो असे सांगितले होते. त्याचे पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही.

नाल्यात पाणी घोट्याइतकेच होते. गुडघ्याचे दुखणे सांभाळत उतरलो. मधल्या कमानीखाली उभे राहिल्यावर थंडावा लागला, आणि वर पाहिले तर पुरुषभर उंचीवर दगडांच्या सांध्यात काळपट, बोटाएवढे जाड खोड होते, आडवे कापलेले. त्याच्या कडेला तांबूस रंगाची दोन कोवळी पाने. सांधा फार उघडलेला नव्हता. पट्टी घालून पाहिली, चार मिलिमीटर. शेजारच्या दगडावर बोट टेकवून मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. साहेबांचे ‘असावे’ तिथे जिवंत होते.

‘‘मुकादम, हा पिंपळ कधीपासून आहे?’’

‘‘तो होय? जुनाच हाय की साहेब. दरसाल काढतो मी. पावसाच्या आधी एकदा, दिवाळी झाली की एकदा. मोरचूद भरतो वरून, पण मूळ लई आत गेलंय.’’

‘‘मला कधी बोलला नाहीत?’’

‘‘तुम्ही कधी विचारलं?’’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मोठ्या साहेबांनी जाताना सांगितले होते, म्हणून ते करत आले. त्याचा आदेश नाही, नोंद नाही, हजेरीपटावर त्या दिवशी ‘खड्डे भरणे’ असे लिहिलेले असते. म्हणजे गेल्या वर्षी मी कठड्यावरून वाकलो तेव्हा झाड बहुधा खरोखरच नव्हते. माझा अहवाल बरोबर होता. तो माझ्यामुळे बरोबर नव्हता, एवढेच. रात्रभर मी ज्याला खोटे समजून कुढत होतो ते खरे निघाले, आणि त्याचा आनंद व्हावा तर होत नाही. थोडे हसू आले, आणि ते मुकादमांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पुन्हा सांधा मोजला.

मुकादम पुढच्या मार्चमध्ये सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी माणूस मिळेल का, याविषयी मी अर्ज केला आहे; त्याविषयी आता नको.

कामाचे बोलायचे तर सांधा उकरून मूळ काढावे लागेल, चुन्याच्या योग्य मिश्रणाने भरावा लागेल, शेजारचे चार-सहा दगड तपासावे लागतील. त्यासाठी अंदाजपत्रक हवे, अंदाजपत्रकासाठी तपासणी अहवालातील दोषाचा संदर्भ हवा, आणि त्या पुलाच्या सलग वर्षांच्या अहवालांत दोष निरंक आहेत. जे झाड शासनाच्या लेखी तिथे कधी नव्हतेच, त्याचे मूळ काढण्यासाठी मागणी कोणत्या तोंडाने करायची? या वर्षीच्या तक्त्यात ‘होय’ लिहिले तर पहिला प्रश्न येईल की बोटाएवढे खोड एका वर्षात कसे झाले. खुलासा मागतील. खुलासा मी देईन. तो लिहिण्याचा सराव मला चांगला आहे, आणि या खेपेस निदान लिहिण्याजोगे काही आहे.

निघताना विचारले, ‘‘मोरचूद आणता कुठून?’’ ते म्हणाले, बाजारातून. ‘‘पैसे?’’ त्यावर ते नुसते नाल्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांचे किती झाले असतील याचा हिशेब मनात करू लागलो आणि सोडून दिला. खिशातून दोनशे रुपये काढून त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते घेतले, घडी करून टोपीत ठेवले, आणि पावती द्यावी लागेल का, असे विचारले.