दिवेघाटानंतर रस्त्यावर कोण उरतं

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवेघाटाची चढण आणि तिथी बहुधा एकादशी, म्हणजे पोटात खिचडी नाहीतर शेंगदाणे-गूळ. तरी सर्वांत जास्त गर्दी त्याच दिवशी. पुण्यातली ऑफिसं, कॉलेजं, सोसायट्या घाटापर्यंत येतात, फोटो काढतात आणि रात्री घरी जातात. जेजुरी ओलांडून वाल्ह्याला पोचेपर्यंत रस्त्यावर मुख्यतः दिंड्यांची माणसं उरलेली असतात. धर्म जास्त उदार झाला तर त्याच्याकडे जास्त माणसं येतील का, असं कुणी विचारलं की आम्हा चालणाऱ्यांना हाच टप्पा आठवतो. माणसं येतात, खरंच येतात. राहतात ती मात्र वेगळ्या कारणाने.

वारीत शिरायला काही लागत नाही. रस्त्यावर जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. समोरचा वाकून पाया पडला की आपणही पडायचं, मग तो नातवाच्या वयाचा का असेना. दिंडीत पाऊल टाकलं की मात्र नेम सुरू होतो. भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, आधी भरायची, तेव्हा पंगतीत पान आणि राहुटीत जागा मिळते. पहाटे अंधारातच राहुट्या उतरतात. त्याआधी वळकटी बांधून, तिच्यावर नाव घालून ट्रकपाशी ठेवायची. उशीर झाला तर ट्रक जातो आणि ओझं दिवसभर तुमच्या पाठीवर. चालीचाही क्रम ठरलेला. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. रांगांमधून आडवं जायचं नाही. हौशी मंडळी नेमकी तिथेच घुसतात, मग टाळाची लय मोडते आणि मागच्याचा पाय पुढच्याच्या टाचेवर पडतो. (नवे कोरे बूट घालून येणाऱ्यांबद्दल काय बोलावं! सासवडलाच त्यांचे पाय फोडांनी भरतात. पायात रुळलेली चप्पल, रात्री तळव्यांना खोबरेल, आणि पावसासाठी प्लास्टिकचा कागद, एवढं पुरतं.)

माळ घालणं ही त्यापुढची पायरी. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून महाराजांच्या हातून गळ्यात घ्यायची. अटी स्पष्ट असतात. मांसमच्छी नाही, दारू नाही, एकादशी धरायची, हरिपाठ रोज, आणि वारी चुकवायची नाही. यात सूट मागणारे भेटतात, पण सूट दिल्याने माळकरी वाढले असं आमच्या पाहण्यात नाही. गावात मटणाच्या पंगतीतून उठून जाणारा माळकरी लोकांच्या डोळ्यांत भरतो, आणि त्याचा पोरगा पुढे माळ घालतो तो त्यामुळेच.

पण नेम कडक आहे म्हणून तोंड बंद ठेवावं लागतं असं नाही. संध्याकाळी तळावर समाजआरती होते ती पाहावी. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ थांबवत नाही. कुणाला मुक्कामाची जागा मिळाली नाही, कुणाचा क्रम मोडला. तेवढेच टाळ वाजत राहतात, सगळ्या तळाला ऐकू जातात. चोपदारांना तिथवर जाऊन म्हणणं ऐकावंच लागतं, ऐकलं की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा, मग आरती.

हे सगळं पूर्वीपासून असंच होतं, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चोखोबांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. रस्त्यावर सगळे सारखे आणि राउळाच्या दारात काहीजण बाहेर, हे शतकानुशतकं चाललं. दार उघडायला 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. त्यानंतरही काही वर्षं एकाच दिंडीत जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसत. रमाबाईंनी पंढरपूरला जायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा भक्तांना लांब ठेवणारी ती पंढरी कशाला, आपण दुसरी उभारू, अशा अर्थाचं उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचं सांगतात. 1956 मध्ये नागपूरला लाखो माणसं बौद्ध झाली. एकादशी कडक होती म्हणून ती गेली नाहीत. जन्मावरून लावलेली अट कितीही नेम पाळून सुटत नाही. माळेची अट ज्याची त्याने ठरवून घ्यायची असते. कडकपणाच्या बाजूने बोलणारे हा फरक नेहमी गाळतात.

उदारपणाच्या बाजूलाही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी होते. त्यामुळे माळकऱ्यांची संख्या वाढल्याचं दिसत नाही, आणि वाढावी म्हणून कुणी ती करतही नाही. पालखी तिथे थांबते, आरती होते, पालखी आकुर्डीकडे निघते. एवढ्या सहजतेने होतं, म्हणूनच त्यात आमंत्रणाचा वास येत नाही.

पहिल्यांदा निघणाऱ्याने दिंडी निवडताना भिशीची रक्कम शेवटी विचारावी. आधी त्या दिंडीचं एखादं कीर्तन ऐकावं, शक्य असेल तर पंगतीला बसावं. पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, वाढायला कोण उठतं, वीणा कधी बाईच्या गळ्यात जाते का, आणि कुणी तक्रार केली की प्रमुख काय करतात, हे बघावं. मग नाव द्यावं, ते ज्येष्ठ लागण्याआधी. आळंदीला पोचून जागा शोधणाऱ्याला राहुटी सहसा मिळत नाही.