येझदीवरून सागरी मार्ग: पुणे ते मालवण, ऑइलची बाटली सोबत

आधी गाड्यांबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझी येझदी २५०, टू-स्ट्रोक मोटारसायकल, १९८२ची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, दोन सायलेन्सर, सहा व्होल्टचं वायरिंग, किक आणि गिअरचा दांडा एकच. सोबत मामेभाऊ, त्याची जुनी कास्ट आयर्न बुलेट, तीच ती उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेकवाली, जी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली की तो पहिल्या चौकात ब्रेकऐवजी गिअर दाबतो. जानेवारीत निघालो. ताम्हिणीने खाली माणगाव, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग खाड्या ओलांडत केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ, गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. येताना फोंडा घाटाने वर.

मुंबई-गोवा हायवेने गेलात तर याच्या निम्म्या वेळात पोचाल, पण मग जुनी गाडी न्यायचीच कशाला. त्या रुंद रोडवर मागून ट्रेलर हॉर्न मारत येतो, आपण डावीकडे चिकटून साठने चाललेलो, इंजिन एकसुरी तापतंय, मजा शून्य. सागरी मार्गावर ४०च्या वर स्पीड जातच नाही, कुणाचीच जात नाही, एसटीची पण नाही, आणि ४० हा येझदीचा राजा स्पीड आहे, फट फट फट करत दिवसभर जाते, बाजूला माड, समोर बकरी, बकरीच्या मागे म्हातारी.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण कोकणात टू-स्ट्रोक गाडी जाम होते ती याच कारणाने. किनारा नकाशावर सपाट वाटतो, पण तो सपाट अजिबात नाही. गाव खाली खाडीशी, वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे उघडं पठार, पुन्हा उतार, पुन्हा खाडी, पुन्हा चढ. येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, वेगळा ऑइल पंप वगैरे काही भानगड नाही. म्हणजे ॲक्सिलरेटर बंद केला की पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, पण गाडी गिअरमध्ये असल्याने चाकं पिस्टनला फिरवतच राहतात. लांब उतारावर दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गेलात, वर आधीच्या चढाने सिलिंडर तापलेला, की पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकतो. मागचं चाक लॉक होतं आणि मग जे व्हायचं ते होतं. त्यामुळे उतारावर मध्येमध्ये क्लच दाबून दोन वेळा झूम झूम करायचं, इंजिनच्या पोटात थोडं ऑइल जाऊ द्यायचं. मागचे लोक बघतात काय हिरोगिरी चाललीय, बघू देत. आणि पेट्रोल वाचवायला चावी बंद करून गाडी सोडणारे जे असतात ना, त्यांनी कृपया चारचाकीने जावं.

टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनानेच गाडी आवरणं) पण जवळजवळ नाहीच, सगळा भार ड्रम ब्रेकवर. ताम्हिणी उतरताना मागचा ब्रेक सलग दाबून ठेवला तर लायनर तापून खाली खाली ब्रेक लागेनासा होतो. पुढचा-मागचा आलटून पालटून, आणि वळणाच्या आधीच स्पीड कमी. विळ्याला चहाला थांबलो तेव्हा बुलेटचा ड्रम गार होता, माझ्या ड्रमला हात लावणं शक्य नव्हतं.

मिक्स्चर: मी सपाटीला लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) टाकतो, म्हणजे २५ला १, आणि घाट असेल तर लिटरला ५० मिली. आधी ऑइल, मग पेट्रोल, मग गाडी जागेवर डावी-उजवीकडे हलवायची, नाहीतर ऑइल तळाशी बसतं आणि पहिले दोन किलोमीटर नुसता धूर. पूर्वी पंपावर टू-टीचं वेगळं मशीन असायचं, पोऱ्या दांडा खालीवर करून ऑइल सोडायचा, आता ती मशीनं दिसत नाहीत आणि लहान पंपांवर तर टू-टी मागितलं की आपल्याकडेच बघत बसतात. त्यामुळे दोन लिटरचा साठा घरूनच घ्या आणि माप घेतलेली छोटी बाटली वेगळी. संपलंच तर बंदराच्या गावात विचारा. लहान होड्यांच्या मागे लावायची मशीनं बरीचशी टू-स्ट्रोकच, हर्णैला बोटीच्या सामानाच्या दुकानात ऑइल मिळतं. फक्त ते पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं असतं, आपली गाडी हवेवर थंड होते आणि जास्त तापते, तेव्हा पुढच्या मोठ्या गावापर्यंत पोचायला ठीक, पूर्ण ट्रिप त्यावर काढू नका.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, त्याचा जुन्या गाड्यांना दुहेरी ताप. जुने रबरी पाइप आणि वॉशर नरम पडतात, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, कोकणात ओलाव्याला काय तोटा. निघण्याआधी पेट्रोलचा पाइप नवा टाका, आणि कुठेही गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद, अगदी चहाला थांबलात तरी. कॉक चालू राहिला आणि कार्ब्युरेटरमधली फ्लोटची पिन गळकी असली की पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये, मग किक मारून मारून पोटरी सुजते.

आता खाड्या. या रूटवर गाडीसकट बोटीने तीनदा ओलांडायचं: बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. पुण्याऐवजी मुंबईहून मांडवा-मुरुड करत येणार असाल तर आगरदांडा-दिघी ही आणखी एक. रेवस-रेडी मार्गावर नवे पूल व्हायचे आहेत, बाणकोटच्या खाडीत तर अर्धवट पुलाचे खांब कधीचे उभेच आहेत, पण मला विचाराल तर जुन्या गाडीला बोटच बरी. सड्यावरून तापून खाली आलेलं इंजिन अर्धा-पाऊण तास जेट्टीवर आपसूक थंड होतं, आपण ठरवून थांबलो नसतो. म्हणून प्लॅन करताना किलोमीटरवर नका जाऊ, एका दिवसात एक खाडी, फार तर दोन, एवढंच धरा. फेऱ्या रात्री बंद होतात आणि ओहोटीला कधीकधी वेळ पुढेमागे होते, तेव्हा आदल्या गावातच शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा.

बोटीवर चढताना लोखंडी फळी ओली असते, त्यावर शेवाळ, आणि पुढे एखादी इनोव्हा रिव्हर्स घेत असते. पहिल्या गिअरमध्ये, पाय दोन्हीकडे सोडून, ब्रेक न मारता सरळ. मागे बसलेल्याला आधीच उतरवा. बोटीवर गाडी साइड स्टँडवर, गिअरमध्ये, आणि स्वतः जवळ उभे राहा. मामेभाऊ फोटो काढायला वर गेला आणि बुलेट शेजारच्या ॲक्टिव्हावर टेकली, ॲक्टिव्हाच्या मालकीणबाई पुढची पंधरा मिनिटं बोलत होत्या.

दाभोळला उतरणारा रस्ता भलता तीव्र, वळणं एकावर एक, खाली थेट गावात. जेट्टीवर पोचलो, लाइन मोठी, दहा-वीस फूट पुढे, थांब, पुन्हा पुढे. आणि गाडी बंद. किक, किक, किक, नुसता फुस्स. प्लग काढला तर दोन टोकांच्या मधल्या फटीत कार्बनचा काळा चकचकीत दाणा, मोहरीएवढा, फट पूर्ण बुजलेली, स्पार्क कुठून येणार. घाटाचं जादा ऑइल आणि ही लाइनीतली रडतखडत चाल, दोन्ही एकत्र आलं की हे होतंच, तरी मी ऑइल कमी करत नाही, प्लग खरवडायला पाच मिनिटं लागतात, पिस्टन बदलायला पाच हजार लागतात. शेजारी जाळं विणत एक आजोबा बसले होते, त्यांनी वास घेतला आणि न बघताच म्हणाले, "ऑइल जास्त झालाय तुमचा." मी म्हटलं आजोबा, तुम्हाला कसं कळलं. "होडीचा मशीन असाच करतो रोज." जाळ्याची सुई पुढे केली. त्या सुईने दाणा निघाला, प्लग पँटला पुसला, तिसऱ्या किकला गाडी चालू. तेव्हापासून टूलकिटमध्ये एक जाड सुई कायमची.

गुहागर-हेदवीच्या पुढे क्लचची केबल गेली. नेमकी हँडलजवळच्या निपलशी, तिथेच जाते कायम. येझदी-जावाची खासियत अशी की गिअरचा दांडा दाबला की आतून क्लच थोडा सुटतो, त्यामुळे सेटिंग बरोबर असेल तर केबलशिवाय गाडी चालते. दांडा दाबून धरायचा, ॲक्सिलरेटर देत हळूहळू सोडायचा, गाडी हलते, थोडी उडी मारते पण हलते. बरेच मेकॅनिक हे काढून टाकतात किंवा सेटिंगच करत नाहीत, तेव्हा निघण्याआधी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर क्लचला हात न लावता गाडी हलवून बघा. तवसाळच्या जेट्टीपर्यंत मी तसाच गेलो. नवी केबल जुन्या केबलला समांतर, त्याच मार्गाने आधीच टाय मारून ठेवलेली होती, त्यामुळे जयगडला बोट लागायच्या आत दोन्ही टोकं अडकवून झाली. बुलेटवाल्याने तोवर टोमणे मारून घेतले आणि मग रत्नागिरीला त्याच्या गाडीने लॉजच्या अंगणात ऑइलचं तळं केलं. मालक काही बोलला नाही, सकाळी फक्त एक पुठ्ठा आणून दिला.

आरे-वारेचा रस्ता, त्याबद्दल सगळे लिहितात, मी नाही लिहीत. फक्त तिथे वर थांबणाऱ्या गाड्या वळणावरच लागतात, आपला सहा व्होल्टचा हॉर्न कुणाला ऐकू जात नाही, डावीकडून सावकाश.

पावसच्या पुढे गर्दी संपते आणि खरी मजा तिथे सुरू होते. पूर्णगडचा पूल, गावखडी, कशेळीचं कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, मध्ये तासभर एक चारचाकी आडवी येत नाही. पण मेकॅनिकही नाही. टायर ट्यूबवाले, आणि जुन्या साइझची ट्यूब खेड्यात कुणी ठेवत नाही, पुढची-मागची एकेक जवळ हवीच. पॉइंट, कंडेन्सर, दोन प्लग, चेनचं लॉक, ॲक्सिलरेटर केबल, बल्ब, बारीक वायर. हे सगळं घरूनच. येझदी नावाच्या नव्या गाड्या २०२२पासून आल्यात म्हणून पार्ट मिळतील असं समजू नका, ती चार-स्ट्रोक गाडी, नाव सोडून काही जुळत नाही, आपला कारखाना १९९६लाच बंद झाला. जैतापूरनंतर विजयदुर्गला जाताना वाघोटन खाडीला लांब वळसा आहे, समोर किल्ला दिसायला लागला म्हणून पोचलो असं होत नाही, पेट्रोल राजापूर भागातच भरून घ्या.

अंधार पडायच्या आत मुक्काम, यावर वाद नको. सहा व्होल्टचा दिवा म्हणजे देव्हाऱ्यातली समई, त्यात सड्यावर गुरं रस्त्यावरच बसलेली. आम्ही दुपारी चारनंतर नवीन खाडी धरलीच नाही. मुक्काम घरगुती ठिकाणी केला तर गाडी पडवीत लावू देतात, रात्रीच्या दवापासून वाचते, सकाळी घावणे मिळतात. देवगडला ज्या काकूंकडे उतरलो त्यांनी येझदीचा आवाज ऐकून आतून विचारलं, "कोण, डॉक्टर काय?" गावच्या डॉक्टरांकडे हीच गाडी होती म्हणे, वीस वर्षं तिच्यावरून व्हिजिटला यायचे. जेवणाचे पैसे घेताना काकूंनी सोलकढीचे धरले नाहीत.

कागदांचं: १५ वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू लागते, ग्रीन टॅक्स भरलेला हवा, इन्शुरन्स, पीयूसी. आणि ५० वर्षांवरची गाडी असेल तर २०२१च्या नियमाने 'व्हीए' सिरीजचा व्हिंटेज नंबर घेण्याआधी दहादा विचार करा. तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. फिरायचं असेल तर साधी आरसीच बरी.

परतीला फोंडा घाट, कणकवलीवरून वर दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. पहाटे निघा, चढ गारव्यात संपवा. दुसऱ्या गिअरवर चढते, इंजिनचा आवाज कोरडा टिणटिण व्हायला लागला की सावलीत थांबायचं, पाणी स्वतः प्यायचं, सिलिंडरवर ओतायचं नाही, कास्टिंगला तडा जातो.

वाळूत गाडी नेऊ नका, फोटोसाठी सुद्धा नाही, आणि किनाऱ्याच्या गावात रोज रात्री फडक्याने पुसून काढा. घरी आल्यावर पूर्ण गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये, स्पोक्सना ऑइलचा हात, एअर फिल्टर उघडा (आमच्यातून जांभ्याची लाल माती मूठभर निघाली), कार्ब्युरेटरचा कप रिकामा करा, दोन्ही ड्रम उघडून झटका. हे सगळं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच. मामेभाऊ म्हणाला रविवारी बघू, आणि आता बुलेटचे स्पोक्स बदलायला टाकलेत.