‘त्याला डाव्यावर घ्या!’

भुसावळच्या त्या फुटबॉल सामन्यात त्यांचा गोलकीपर पहिल्या दहा मिनिटांतच हे ओरडला, आणि माझा खेळ तिथंच संपला. मी राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेनं खेळणारा. त्यांचा बॅक बाहेरची बाजू अडवून उभा राहायचा, आतली वाट खुशाल मोकळी सोडायचा. आत वळलो की चेंडू डाव्या पायावर, आणि माझा डावा पाय तोवर फक्त चालायच्या कामाचा. अमळनेरला परतताना सुरत लाइनच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीबाहेरच बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून डाव्यानं जोरात किक मारायला लागलो. रोज पन्नास. तीन आठवडे चेंडू एकतर आभाळात नाहीतर बोरी नदीच्या दिशेनं. कुणीतरी सांगितलं, सगळी कामं डावीकडून कर, दात घासणंसुद्धा. घासले. हिरड्या सोलवटल्या, पायाला त्याचा पत्ताही नाही. जेवतानाही डावा हात पुढं केला, तर आईनं ताटच उचललं.

गल्लीतले आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले; तरुणपणी भुसावळला बरंच फुटबॉल खेळलेले. दोन दिवस गुपचूप बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुना डावा पाय कच्चा नही शे भो. उजवा शे. त्याले उभं ऱ्हाता येत नही.”

मला चेष्टाच वाटली. मग त्यांनी मला एकट्या उजव्या पायावर उभं केलं आणि आकडे मोजायला लावले. आठलाच डगमगलो. डाव्या पायावर मात्र तीस सहज.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आजवर किक उजव्यानं मारली, म्हणजे प्रत्येक वेळी अंगाचा भार डाव्यानं पेलला. डाव्यानं मारायची वेळ आली की उजवा भांबावायचा, चेंडूच्या मागंच पडायचा, अंग मागं झुकायचं आणि चेंडू वर उडायचा.

मग जोर बंद. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगची भिंत, पाच पावलांवर मी. उजवा पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतर ठेवून. गुडघा किंचित वाकलेला, बोटं जिथं मारायचं तिकडं. डावा घोटा ताठ, आणि पायाच्या आतल्या बाजूनं हळू पास. एवढंच. रोज दोनशे. मे महिना, त्यामुळं पहाटे साडेपाचलाच सुरुवात. आठनंतर त्या भिंतीजवळ उभंच राहवत नाही. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, चेंडू कुठंही उडायचा. एका अर्थी बरंच झालं, पाय दर वेळी नव्यानं लावावा लागायचा. वळण्याच्या सरावासाठी भेगांमध्ये पऱ्हाटीच्या काड्या रोवायचो. त्या शेळ्या खायच्या.

कंटाळा प्रचंड आला, हे लपवत नाही. पुढं दिसत काहीच नव्हतं. अशा वेळी आप्पा ब्रेमेची गोष्ट काढायचे: १९९० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ८५ व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीला पेनल्टी मिळाली, ब्रेमे खेळायचा लेफ्ट बॅकला, पण ती मारली उजव्यानं, आणि अर्जेंटिना १-० नं हरली. त्याचा कच्चा पाय कुठला, हे आप्पांना अजून ठरवता आलेलं नाही.

जूनच्या मध्यावर एका सकाळी उजव्या पायावर चाळीस मोजले. त्यानंतरच आप्पांनी डाव्यानं लांब मारायला परवानगी दिली. बुटाच्या नाडीवर चेंडू नीट बसला की आवाजच वेगळा येतो. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आजूबाजूला शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. मग पाऊस आला, बुटांना शेर-शेर चिखल चिकटायला लागला आणि भिंत सुटली.

दिवाळीनंतर पुन्हा भुसावळ. तोच बॅक, तीच मोकळी सोडलेली आतली वाट. पहिल्या हाफमध्ये आत वळून डाव्यानं मारला. बारच्या जरा वरून गेला, पण गेला सरळ आणि जोरात. गोलकीपर या वेळी काही ओरडला नाही. दुसऱ्या हाफमध्ये मी पुन्हा डावा पाय उचलला. बॅक आत धावला, बाहेरची बाजू उघडी पडली, आणि मी बाहेरून निघालो.

गोल उजव्यानंच मारला.